पतंग धरणारी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. वच्छला आत्याचे. वच्छला रामटेके, राहणार बिरगाव, काम पतंग बनवण्याचं. नाव आणि गाव मी आजवर पुष्कळ ठिकाणी लिहिलं. काम लिहायचं मात्र टाळत आलो. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाच्या व्यवसायाचा रकाना असायचा, तिथे मी ‘घरकाम’ लिहून मोकळा व्हायचो. फॉर्म तिला वाचता येत नव्हता. वाचता आला असता तरी ती काही बोलली नसती.

जानेवारी आहे. रायपूरच्या आभाळात पुन्हा पतंग आले आहेत. मी एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. तिथून घरी येताना या दिवसांत मी मुद्दाम बुढापाऱ्यातून वळसा घेतो. अरुंद गल्ली, मध्येच आडव्या लावलेल्या स्कूटर, आणि दुकानांच्या दारात दोरीला लटकवलेले पतंगांचे गठ्ठे. पूर्वी त्या गठ्ठ्यातला आत्याच्या हातचा पतंग मला लांबून ओळखू यायचा. तिची आडवी कमान इतरांपेक्षा थोडी जास्त वाकलेली असायची आणि पांढरा कागद ती कधीच वापरत नसे. रायपूरच्या वेशीवरच्या बिरगावात पांढरा पतंग बनत नाही. शेजारच्या उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ ओल्या खळीवर बसते आणि पांढरा कागद वाळेपर्यंत राखाडी होतो. आता त्या गठ्ठ्यांत तिचा पतंग असण्याची शक्यता नाही, हे मला माहीत आहे. तरी मान वळते.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी श्रीलंकेत होतो. एका खाडीच्या कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर हेल्मेट, कमरेला रुंद पट्टा, हातात आडवी दांडी, आणि दांडीला बांधलेल्या चार दोऱ्यांच्या टोकाला आमच्या बिरगावच्या खोलीएवढा एक पतंग. वय वर्षे सत्तेचाळीस. तो वारा अजून कानात आहे.

बिरगावची आमची खोली म्हणजे दोन खोल्या, पण मागच्या खोलीत माणसांना जागा नसायची. दसऱ्यानंतर बुढापाऱ्यातल्या दुकानदाराचा माणूस सायकलवर कागदाचे ताव आणि बांबू आणून टाकायचा. तेव्हापासून संक्रांतीपर्यंत ती खोली आत्याची. माझी आई मी चार वर्षांचा असताना तापानं गेली. बाबा भंडाऱ्याकडून उरल्याच्या कारखान्यात कामाला आलेले. त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, तोवर विधवा झाली होती. घर सांभाळायला म्हणून महिनाभरासाठी आली आणि राहिली. पतंग बनवायला ती इथेच शिकली, शेजारच्या एका म्हाताऱ्याकडून. मी अकरावीत असताना बाबाही गेले. मग आम्ही दोघंच उरलो, आणि पतंग.

तिच्याजवळ बांबू सोलायची एक सुरी होती. आखूड पात्याची, मुठीला सुती चिंधी गुंडाळलेली. ती चिंधी दर दसऱ्याला बदलायची, सुरी मात्र तीच. पहाटे धूळ बसलेली असते तेव्हा ती कागद कापायची आणि चिकटवायची. कारखान्यांची पाळी सुरू झाली की मग खळीचं काम बंद, सोलण्याचं सुरू. सोललेली काडी ती बोटावर तोलून बघायची. काडी एका बाजूला कलली तर त्या बाजूने सुरीचा एक हात फिरवायची, पुन्हा तोलायची. मी शेजारी बसून धडे पाठ करायचो. बांबूचा तो ओलसर, कच्चा वास आला की मला अजून परीक्षा जवळ आल्यासारखं वाटतं.

पतंग उडवायला आम्ही रेल्वेच्या पटरीपलीकडच्या माळावर जायचो. दोरी माझ्या हातात, पतंग तिच्या. ती पतंग घेऊन वाऱ्याच्या दिशेनं चालत जायची, पन्नास-साठ पावलं. मग माझ्याकडे तोंड करून पतंग दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची आणि थांबायची. वारा आला की सोडायची. नुसतं सोडणं नव्हे, एक हलका वर ढकला, आणि पतंग चढायचा. गावातल्या बायका मागून हसायच्या की पतंगवालीला स्वतःला पतंग उडवता येत नाही. मी तिला कितीदा म्हटलं, आत्या, आता दोरी तू घे. ती म्हणायची, “मले वढणं जमत नाही बाप्पा. तू वढ. मी धरतो.” बायका तिथं ‘मी धरतो’ असंच म्हणतात. तिच्या तोंडी ते वाक्य फार शोभायचं.

मग मी नागपूरला इंजिनिअरिंगला गेलो. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वसतिगृहातून मी तिला पत्रं लिहायचो. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती शेजारच्या कुंतीदीदीकडून वाचून घ्यायची. कुंतीदीदी छत्तीसगढी. देवनागरी वाचता यायची, पण मराठी पुरती कळायची नाही. म्हणजे वाचणारीला अर्थ कळत नव्हता आणि जिला अर्थ कळत होता तिला वाचता येत नव्हतं. दोघी मिळून एक पत्र वाचायच्या. अडखळलेल्या शब्दावरून हसायच्याही, असं मला नंतर कळलं.

आत्यानं मला उलट पत्र कधीच लिहवून पाठवलं नाही. तिचं उत्तर वेगळ्या रीतीनं यायचं. मी लिहिलं की इथे थंडी फार आहे, की दहा-बारा दिवसांत नागपूरला येणाऱ्या कुणाच्या तरी हातून गोधडी यायची. मेसमधलं जेवण उतरत नाही असं लिहिलं तर तिळाचे लाडू. एकदा मी लिहिलं की मला हे झेपत नाही, परत येतो. त्यावर काहीच आलं नाही. सुट्टीत घरी गेलो तर मागच्या खोलीतले बांबू बाहेर अंगणात रचलेले, आणि त्या खोलीत माझ्यासाठी टेबल. जुनं, एका पायाला विटेचा तुकडा लावलेलं. पत्राबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, मीही नाही. पत्रात लिहिलेलं तोंडानं बोलायचं नाही, ही आमची पद्धतच पडून गेली. मला त्या पद्धतीचा अभिमान वाटायचा. तिचं उत्तर मला न चुकता वाचता येतं, असं मी समजत होतो.

नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, रायपुरात फ्लॅट घेतला. आत्याला मी तिथे आणलं. साठी उलटून गेली होती, कानांनी ऐकू येणं कमी होत चाललं होतं. मी तिला म्हटलं, बस, आता पतंग बंद. खूप केलंस. आता नुसतं बसून राहा.

हे वाक्य मी किती प्रेमानं उच्चारलं होतं.

ती बसली. माझी बायको सुजाता तिला काहीबाही काम द्यायची, लसूण सोल, मेथी निवड. ते अर्ध्या तासात व्हायचं. मग ती हात मांडीवर ठेवून गॅलरीत बसायची. एकदा सुजाताला कपाटामागे छोटे छोटे पतंग सापडले. झाडूच्या काड्या आणि जुन्या कॅलेंडरचा कागद. सुजाता मला म्हणाली, अहो, करू द्या ना त्यांना. मी ऐकलं नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आत्यानं कुठून तरी एक बांबू मिळवला आणि खाली पार्किंगमध्ये बसून सोलायला घेतला. सोसायटीचे सेक्रेटरी मला जिन्यात भेटले. सभ्य माणूस. म्हणाले, सर, माँजी को इस उमर में काम करना पड़ रहा है क्या? मला जिन्यातून खाली उतरणं अवघड झालं. मी तिच्या हातातून सुरी घेतली, हसत हसतच घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या माझ्या कपाटात ठेवून दिली.

त्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, “काहून रे सिधू, माह्या हाताची तुले लाज वाटते का?”

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं की नाही, तुझ्या हातांना आराम मिळावा म्हणून. ती म्हणाली, “रिकामे राह्यले का दुखून राह्यतेत.” आणि तो विषय संपला. संपला असं मी धरून चाललो.

लंकेला जायचं सुजाताच्या मनात फार दिवसांपासून होतं. अनुराधपूरचा बोधिवृक्ष एकदा डोळ्यांनी पाहायचा, ही आमच्या लोकांत मोठी इच्छा असते. आमची मुलगी मैत्री कॉलेजात आहे. आम्ही मराठीत बोललेलं तिला सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. तिची अट होती की विहारांचं दर्शन झालं की तीन दिवस समुद्र. आत्याला मी विचारलं. गुडघे दाखवून म्हणाली, तुम्ही जा, माह्या नावानं एक फूल वाहा. आणि मग म्हणाली की तोवर मला बिरगावला सोडून द्या, संक्रांत करून येतो. मी म्हटलं, बारा दिवस. आम्ही आलो की तुला न्यायला येईन. तिला बिरगावच्या घरी सोडलं तेव्हा कुंतीदीदी दारातच उभी होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि मला जवळजवळ घालवूनच दिलं.

बोधिवृक्षाखाली मी तिच्या नावानं निळं कमळ ठेवलं. तिथे पांढऱ्या कपड्यांत माणसं मुकाट्यानं बसलेली होती. मीही बसलो. मनात म्हटलं, हिला सुख लाभो. ते सुख कशात आहे हे मात्र माझं मीच ठरवून ठेवलेलं होतं.

तिथून आम्ही पश्चिम किनाऱ्यावर कल्पिटीयाला गेलो. एका बाजूला समुद्र, एका बाजूला उथळ खाडी, मध्ये वाळूची पट्टी आणि माडांच्या झावळ्यांनी शाकारलेल्या खोल्या. पहिल्याच सकाळी दार उघडलं तर खाडीवर वीस-पंचवीस पतंग. आपल्यासारखे कागदी नव्हेत, हवा भरलेल्या कमानीचे, चंद्रकोरीसारखे. त्यांच्या दोऱ्यांना लोंबकळत माणसं फळीवर उभी राहून पाण्यावरून सरसरत जात होती. मैत्री माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, “पापा, आप तो खानदानी पतंगवाले हो. चलो, करके दिखाओ.”

तिनं ते थट्टेनं म्हटलं. मला ते लागलं, आणि आपल्याला लागलं याचंही नवल वाटलं.

त्याच संध्याकाळी कुंतीदीदीला फोन लावला. आत्याला फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून खुशाली दीदीकडूनच कळायची. दीदी म्हणाली, “भैया, दाई ह फेर कमची धर के बइठे हे. मंय का करंव?” दाई, म्हणजे आत्या, पुन्हा बांबूच्या काड्या घेऊन बसली होती. दुकानदाराला तिनं स्वतःच निरोप धाडला होता आणि सुरी कुणाची तरी मागून आणली होती. दीदीच्या आवाजात तक्रार कमी आणि कौतुक जास्त होतं. मला ते कौतुक ऐकू आलं नाही. मी फोनवर चिडलो. म्हणालो, सगळं सामान आजच्या आज परत पाठव. लोक म्हणतील, पोरगा परदेश फिरतो आणि म्हातारी पतंग चिकटवते. दीदी ‘हव भैया’ म्हणाली. दीदी मला कधी नाही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्यात उतरलो.

शिकवणारा नुवन नावाचा तरुण होता, उन्हानं रापलेला, सिनेमातून उचललेली चार हिंदी वाक्यं बोलणारा. बाकी इंग्रजी. आदल्या दिवशी त्यानं वाळूवर लहान पतंगाशी सराव करून घेतला होता. माझं तिथे नाव झालं. पतंगाच्या कमानीखाली दोऱ्यांचं एक जाळं असतं, आपल्याकडे कन्नी म्हणतात तेच. त्यातली एक गाठ सरकलेली मी त्याला दाखवली. त्यानं विचारलं, तुम्ही आधी केलंय हे? मी म्हटलं, माझी आत्या करते. त्याला वाटलं आत्या सर्फिंग करते. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. मैत्रीनं केला. तिनं त्याला सगळं सांगितलं, अगदी काड्या बोटावर तोलण्यापर्यंत. हे तिला कधी कळलं, कुणी दाखवलं, मला माहीत नव्हतं.

मोठा पतंग चढवताना एकानं तो कडेला धरून उभं राहावं लागतं. दोऱ्या पंचवीसेक मीटर. या टोकाला मी, त्या टोकाला पतंग. नुवन माझा पट्टा धरून शेजारी होता, म्हणून पतंग धरायला मैत्री गेली. गुडघाभर पाण्यातून ती चालत चालत लांब झाली, वळली, पतंगाची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. केस वाऱ्यानं तोंडावर आलेले. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, नुसती उभी राहण्याची ढब दिसत होती. पाय थोडे फाकलेले, खांदे वर, मान किंचित वाऱ्याकडे.

मला खूण करायची होती, अंगठा वर. नुवन दोनदा म्हणाला, सर, सर. मी तसाच बघत राहिलो. मग कधीतरी अंगठा वर केला आणि तिनं सोडला.

पुढचं सगळं फजितीचं आहे. पतंग चढला आणि मला घेऊन निघाला. काइट सर्फिंगमध्ये दांडी जवळ ओढली की पतंगाची ताकद वाढते, आणि सोडून दिली की ताकद निघून जाते. इतकं सोपं आहे. मी वर्गात बल आणि ताण शिकवतो, फळ्यावर बाण काढून हे पाच मिनिटांत समजावून देईन. पण पाण्यात, कानात वारा भरलेला असताना, घाबरलेला माणूस दांडी सोडत नाही. तो ती छातीशी ओढतो. मी ओढली. पतंगानं मला तोंडावर आपटून फरफटत नेलं. उठलो, पुन्हा तेच. नुवन मागून ओरडत होता, सोडा, दांडी सोडा. मला ऐकू येत होतं. हात ऐकत नव्हते. तिसऱ्यांदा नाकातोंडात इतकं खारं पाणी गेलं की मी पाण्यातच बसून राहिलो.

तो चालत आला आणि माझ्या शेजारी पाण्यात बसला. रागावला नाही. पतंग वर शांत उभा होता, कारण पडताना दांडी माझ्या हातातून निसटली होती. नुवननं वर बोट केलं. तो म्हणाला, “सर, तुम्हाला वाटतं सोडलं की तो जाईल. तो कुठे जातो? तुम्ही त्याला बांधलेले आहात.”

माझ्या कमरेच्या पट्ट्यात मधोमध एक कडी होती आणि कडीला दोऱ्या होत्या. मी हात पाण्यात सोडून बसलो होतो. पतंग डोक्यावर तसाच होता.

मी त्या दिवशी फळीवर उभा राहिलो की नाही, हे मैत्री सगळ्यांना रंगवून सांगते. चार सेकंद राहिलो. तिच्याजवळ फोटो आहे. त्या फोटोत मी रडल्यासारखा दिसतो आणि सगळ्यांना वाटतं ते समुद्राचं पाणी आहे. दुपारी बायको आणि मुलगी झोपल्या तेव्हा मी झावळ्यांच्या सावलीत टेबल ओढून बसलो आणि आत्याला पत्र लिहिलं. पंचवीस वर्षांनी. फोन तिला ऐकू येत नाही हे एक कारण. दुसरं असं की तिच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडून बोलावं लागतं, आणि माफी ओरडून कशी मागायची? पत्रात मी तिला एक खूण लिहिली. मी न्यायला येईन तेव्हा तिला बिरगावला राहायचं असेल तर तिनं सामान बांधू नये. बाकी मी समजेन. हॉटेलचा माणूस म्हणाला, आठवड्यात पोचेल. आम्ही आठ दिवसांनी परतणार होतो, परतीच्या वाटेवर कोलंबोत सुजाताचे नातेवाईक होते. मी आकडेमोड केली आणि निश्चिंत झालो.

आल्यावर सगळ्यात आधी मी कॉलेजात गेलो, कपाटातून सुरी काढली, बाजारात धार लावून घेतली, मुठीला नवी चिंधी गुंडाळली. सुरी गाडीत समोरच्या कप्प्यात ठेवली आणि बिरगावला गेलो. संक्रांत दोन दिवसांवर होती. वाटेत भनपुरीपासूनच छतांवर पोरं दिसत होती.

आत्या दाराच्या पायरीवर बसली होती. शेजारी पिशवी बांधलेली. तोंडाला गाठ मारलेली, वर घडी केलेलं घोंगडं. हात मांडीवर. मागच्या खोलीत मी डोकावलो, फरशी धुऊन स्वच्छ केलेली होती. कागदाचा एक कपटा नव्हता.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

म्हणजे तिला यायचं होतं. मला तसं वाटलं. पत्र वाचून झालं असेल, दोघी रात्रभर बोलल्या असतील, आणि म्हातारीनं ठरवलं असेल की आता पुरे. आमच्या पद्धतीप्रमाणे मी पत्राबद्दल काही बोललो नाही. कुंतीदीदी कामावर गेलेली होती, नाहीतर निदान तिला विचारलं असतं. गाडीत आत्या माझ्या शेजारी बसली. गुडघे दुखायचे म्हणून पाय पुढे लांब केले, गुडघे त्या कप्प्याला टेकले. भनपुरीच्या वळणावर तिनं काचेतून वर पाहिलं. एक लाल पतंग सारखा डावीकडे गिरक्या घेत होता. ती म्हणाली, “कन्नी चुकली त्याची.”

मी मान हलवली. 

चैत्रात ती गेली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी पहाटे श्वास थांबला. फेब्रुवारी आणि मार्च ती गॅलरीत त्याच जागी बसत होती. माझ्या मनात कितीदा यायचं की विचारावं, आत्या, मी लिहिलं होतं ते पटलं ना? मग वाटायचं, तिनं उत्तर दिलं आहे, आता कशाला उकरायचं. ती माझ्याकडे बघायची तेव्हा तिच्या नजरेत काहीतरी असायचं. मी त्याला समाधान म्हणत होतो. आता वाटतं, ती अंदाज घेत होती की मी अजून रागावलेला आहे का.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरी माणसं जमली. वंदना झाली, जेवणं झाली. कुंतीदीदी सगळ्यांत शेवटी आली आणि पदराच्या गाठीतून एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला. परदेशी तिकीट, माझं अक्षर, चिकटवलेलं तोंड तसंच. मी आत्याला घेऊन गेल्यावर तीन आठवड्यांनी पोस्टमननं आणून दिला होता. दीदी म्हणाली, “दाई आही त पढ़ के सुनाहूं कहिके राखे रेहेंव, भैया.” दाई येईल तेव्हा वाचून दाखवीन म्हणून तिनं ते पिठाच्या डब्यावर जपून ठेवलं होतं.

 दीदी मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी पायरीवरची पिशवी कुणाला उत्तर म्हणून बांधलेली नव्हती. मी फोनवर सामान परत पाठवायला सांगितलं होतं आणि न्यायला येतो म्हणालो होतो. तिनं दोन्ही ऐकलं होतं, इतकंच. जिला वाचता येत नव्हतं तिनं मला आयुष्यभर बरोबर वाचलं. आणि मी, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, पायरीवर बसलेलं एक माणूस वाचू शकलो नाही.

सुरी अजून गाडीच्या त्याच कप्प्यात आहे. गाडी खड्ड्यात आदळली की वाजते. काल मैत्री शेजारी बसली होती, तिनं कप्पा उघडून ती हातात घेतली, मुठीची चिंधी नीट केली आणि परत ठेवली.  आज सकाळी गच्चीवर तिनं एक पतंग आणून ठेवला आहे, कमान जरा जास्तच वाकलेली. झाडूची काडी आहे.

पत्र मी नंतर उघडलं. ते असं आहे.

*

ती. आत्यास,
सविनय जय भीम.

कुंतीदीदी, हळू वाचा आणि मोठ्यानं वाचा. घाई नाही.

आम्ही खुशाल आहोत. बोधिवृक्षाखाली तुझ्या नावानं फूल वाहिलं. इथे समुद्र आहे. मी आज त्यात पतंग उडवला. हसू नको. इथे पतंग माणसाला ओढतो. तीन वेळा पडलो. मैत्रीनं पतंग धरला होता, अगदी तुझ्यासारखा. तिला हे कुणी शिकवलं ते मला आता समजलं.

आत्या, काल मी दीदीवर रागावलो. सामान परत पाठवायला लावलं. ते चुकलं. सुरी घेतली तेही चुकलं. तू विचारलं होतंस, लाज वाटते का. मी नाही म्हटलं होतं. ते खोटं होतं. वाटत होती. तुझ्या हातांची नाही, माझ्याबद्दल लोक काय म्हणतील याची. ज्या हातांनी मी शिकलो ते हात मी बांधून ठेवले आणि त्याला आराम असं नाव दिलं. मला वाटायचं, तुला मोकळं सोडलं तर लोक म्हणतील की यानं आत्याला सोडून दिलं. आज एका पोरानं मला पाण्यात बसवून सांगितलं की तसं होत नसतं.

दुकानदाराकडून सामान परत मागव. मी आलो की मी स्वतः त्याला भेटतो. तुला बिरगावला राहायचं तर राहा. संक्रांतीपर्यंत राहा, पुढेही राहा. मी दर रविवारी येईन. तुला आमच्याकडे यायचं असेल तर ये, पण मागची खोली रिकामी करतो, बांबू तिथे ठेव. पार्किंगमध्ये बसलीस तरी मी शेजारी येऊन बसेन.

उत्तर लिहवायची गरज नाही. मी न्यायला येईन तेव्हा सामान बांधलेलं नसलं तर मी समजेन. तुझं उत्तर मला नेहमी कळतं.

संध्याकाळी आपण पटरीपलीकडे जाऊ. या खेपेला दोरी तू घे. पतंग मी धरतो.

तुझा,
सिधू

ता. क. सुरी माझ्याजवळ आहे. येताना घेऊन येतो.